एकाच ईमेलवरची दोन माणसं

७ डिसेंबर, रविवार

कट्ट्यावर आज परत ग्रिलवालीचाच जयजयकार. कुणा पालकरबाईंच्या कढीपत्त्याला पालवी फुटली म्हणे. फुटली तर फुटली! त्याचे फोटो, हात जोडलेले, फुलं, 'ताई, तुमच्यामुळे झाड वाचलं.' खाली बाकीचे सुरात सूर मिसळायला हजर. माझ्या 'मातीचा सामू (म्हणजे पीएच) : भाग सातवा' या लेखाखाली एकच प्रतिक्रिया आहे, आणि ती झटपट कर्ज देणाऱ्या कुणाची तरी जाहिरात आहे. काढून टाकणार होतो, मग राहू दिली. तेवढीच गर्दी.

साइट माझी. 'खिडकीतली बाग' हे नाव माझं. मुंबईत अंगण आहे कुणाला? बॉक्स ग्रिलमध्ये चार कुंड्या ठेवायच्या, आणि खालच्यांच्या वाळवणावर पाणी गळलं की त्यांची बोलणी खायची. अशा लोकांसाठी मी ही साइट उभी केली, एकट्याने, अंधेरीची नोकरी सांभाळून. लेख सगळे माझे. मागाहून लोक म्हणाले, आम्हाला आपापसात बोलायला जागा द्या, म्हणून कट्टा काढला. तिथेच चुकलं. आता लेखांकडे कुणी फिरकत नाही, जो तो थेट कट्ट्यावर.

आणि ही ग्रिलवाली म्हणजे आमची मृणालिनी. माझी बायको. हे तिथे कुणाला माहीत नाही. मी मुद्दामच सांगितलेलं नाही, उगाच घराणेशाही दिसायला नको. तिचं खातंही मीच उघडून दिलं होतं, ईमेल माझाच घातला. दोन-दोन ईमेल कोण बघत बसणार? घरातलं असलं सगळं मीच बघतो. ही विम्याच्या ऑफिसातून येते, चहा पिता पिता मोबाइलवर तीन ओळी खरडते आणि लोक साष्टांग नमस्कार घालतात. मी एका लेखासाठी पंधरा-पंधरा दिवस पुस्तकं चाळतो.

आजचं तिचं उत्तर: 'रोज पाणी घालणं हे प्रेम नव्हे, ती आपली खाज. माती बोटाने चाचपा. ओली असेल तर हात धुवा आणि टीव्ही लावा.'

ह्यात अभ्यास कुठे आहे?

१० डिसेंबर, बुधवार

१८ जानेवारीला पार्ल्यात आपला वार्षिक मेळावा. त्याआधी साइट आणि कट्टा एकत्र जोडून टाकायचं मनावर घेतलं. आत्ता दोन दारं आणि दोन कुलपं आहेत. साइटचा पासवर्ड एक, कट्ट्याचा दुसरा. लोक विसरतात आणि शिव्या मला घालतात. दोन्हीकडे सभासदांची माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये आहे. ती जोडून देणारं एक तयार सॉफ्टवेअर मिळालं. सूचना वाचल्या, सोप्या वाटल्या, बटण दाबलं.

साइट पांढरी फटक. वर एकच ओळ: डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही.

ऑफिसचा माल-साठ्याचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर मी चालवतो, त्यामुळे अगदीच अडाणी नाही. पण दुपारभर डोकं आपटलं तरी काही होईना. शेवटी ऋताला फोन लावला. ऋता कट्ट्यावरचीच. पवईला एका कंपनीत डेटाबेसचंच काम करते, वयाने आमच्या मुलीसारखी. तिने बसल्या जागेवरून पाहिलं आणि हसायला लागली.

"काका, पासवर्ड बरोबर आहे हो. पण ह्या जोडणीला कट्ट्याचा डेटाबेस वाचायची परवानगीच दिली नाहीये तुम्ही. दारात उभं केलंय बिचाऱ्याला."

परवानगी दिली. साइट परत दिसायला लागली. जीव भांड्यात पडला.

"आणि काका, ती ग्रिलवाली कोण आहे हो? तुम्हाला माहीत असेल ना? काय झकास लिहिते यार!"

मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलू.

१३ डिसेंबर, शनिवार

वाट लागली. जोडणीची पुढची पायरी केली आणि सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसलं. लेख, उत्तरं, सभासदांची नावं, सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हांची माळ. 'मातीचा सामू' सातच्या सात भाग प्रश्नचिन्हं.

खरं लिहायचं म्हणून ही वही, तर लिहितो. आधी माझे लेख उघडले, सातही भाग एकेक करून. मग ग्रिलवालीची उत्तरं उघडली. तीही प्रश्नचिन्हं. आणि मला क्षणभर बरं वाटलं. आता आभार माना म्हणावं, बघू काय वाचून मानता.

ऋता म्हणाली की साइटच्या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची रीत एक आणि कट्ट्याची दुसरी, ती आधी सारखी करायला हवी होती. सुदैवाने मी दर शनिवारी सकाळी सगळ्याची प्रत काढून ठेवतो. त्या बॅकअपवरून सगळं पहिल्यासारखं झालं. तिचंही.

१६ डिसेंबर, मंगळवार

झालं! जोडलं! दोन्हीकडच्या सभासदांची ओळख पटवायला काहीतरी सामाईक लागतं. नावं चालत नाहीत. एकाच माणसाचं साइटवर 'विद्याधर पराडकर' आणि कट्ट्यावर 'पार्लेकर' असतं. म्हणून मी ईमेलवरून जोडलं. एक ईमेल, एक माणूस, एक खातं. ही कल्पना माझीच, ऋताला न विचारता केली. आता दार एक आणि कुलूप एक.

मृणालला सांगितलं. "अरे वा," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. आठवडाभराच्या खटपटीला 'अरे वा'. पालकरबाईंच्या कढीपत्त्याला मात्र तिने परवा फोटोसकट उत्तर दिलं होतं.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी कुंडलिक वानखेडेचा फोन. घाटकोपरचा, रेल्वेत सिग्नल खात्यात आहे. त्याची बायको शकू मिरच्या लावण्यात पटाईत आहे, कट्ट्यावर मिरचीचा प्रश्न आला की लोक तिलाच हाक मारतात.

"नंदूशेठ, काय केलंत हे? शकूची सगळी मिरची माझ्या नावावर आली की! मला साधी कोथिंबीर उगवत नाही आणि लोक मला विचारतायत, दादा, भोपळी मिरचीला काय घालू."

"असं कसं होईल?"

"ते तुम्हाला ठाऊक. तिचं खातं माझ्याच ईमेलवर होतं, तेव्हा म्हटलं होतं घरात एकच बरा. आता ती तिच्या नावाने, तिच्या पासवर्डने आत जाते आणि लिहिलेलं दिसतं कुंडलिक वानखेडे म्हणून. सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. आधी हे नीट करा, नायतर डबा बंद होईल माझा."

बघतो तर सगळीकडे हाच प्रकार. ज्या ज्या घरात नवऱ्याच्या ईमेलवर बायकोने खातं काढलंय तिथे तिथे दोघांचं मिळून एक झालंय, आणि नाव राहिलंय ज्याचं खातं आधी उघडलं त्याचं. म्हणजे नवऱ्यांचं. आपल्या लोकांत वेगळा ईमेल असलेली बाई शोधून काढायला लागेल! एक ईमेल म्हणजे एक माणूस, हे ऋताच्या कंपनीत चालत असेल.

मग माझं स्वतःचं पान उघडलं.

ग्रिलवालीची सगळी उत्तरं माझ्या नावावर. पहिल्यापासूनची. खाली सगळे आभार, सगळी फुलं. वर नाव 'नंदकुमार कर्णिक', खाली 'ताई, तुमच्यामुळे झाड वाचलं.'

मी पहिल्यापासून एकेक आभार वाचत खाली गेलो.

१८ डिसेंबर, गुरुवार

विद्याधर पराडकरांचा फोन. पार्ल्याचे, जुने सभासद, मेळाव्याचं सगळं तेच बघतात. कधी नव्हे ते गोड बोलत होते.

"अहो नंदकुमार, तुम्ही म्हणजे छुपे रुस्तम निघालात! ग्रिलवाली म्हणजे तुम्हीच? आम्ही तिला शोधत होतो, यंदा कट्ट्याचा मानकरी म्हणून सत्कार करायचा होता. बाईच्या नावाने लिहीत होतात, कमाल आहे. आता लपू नका."

मी म्हटलं, तसं नाही हो, तांत्रिक घोळ आहे, बघतोय मी. ते म्हणाले, "किती हा विनय!" आणि ठेवून दिला.

मी नाही म्हणालो होतो. वहीत तारखेसकट लिहून ठेवतो.

२० डिसेंबर, शनिवार

ऋताने सगळं तपासलं. म्हणाली, गेल्या शनिवारच्या, जोडणीआधीच्या बॅकअपमध्ये प्रत्येक उत्तर मूळ कुणाचं ते आहे, त्यावरून सगळ्यांचं परत ज्याचं त्याला लावता येईल. प्रत्येकीला आधी वेगळा ईमेल द्यायचा आणि मग खातं सोडवायचं. जोडणीनंतर जे नवीन लिहिलं गेलंय ते मात्र हाताने निवडायला लागेल, म्हणून जितक्या लवकर कराल तितकं बरं.

मग यादी वाचता वाचता म्हणाली,

"काका, ग्रिलवालीचा ईमेल तुमचा आहे."

"हो. म्हणजे, आमच्या घरातलीच आहे ती."

"काकू? काकू ग्रिलवाली आहेत? आणि तुम्ही एवढ्या दिवसांत कधी बोलला नाहीत?"

"विषय निघाला नाही."

"मी विचारलं होतं की तुम्हाला." मग म्हणाली, "बरं, त्यांचं मी आत्ताच सोडवून देते, पाच मिनिटांचं काम आहे."

"नको, नको. घरचं आहे, मी बघतो. आधी लोकांचं करू."

तत्त्व आहे माझं. यजमानाने शेवटी जेवायचं.

२४ डिसेंबर, बुधवार

मृणालला अजून कळलेलं नाही असं दिसतंय. हल्ली ऑफिसात क्लेमची गर्दी आहे म्हणाली होती, कट्ट्यावर जात नसणार. बोलली तर नाही काही. उलट मजेत आहे. संध्याकाळी स्वतःहून कांद्याची भजी केली.

आज भाजीवाल्यापाशी एक गृहस्थ भेटले, आपले सभासद निघाले. "तुमच्यासारखं खिडकीतल्या झाडांबद्दल कुणी लिहीत नाही," म्हणाले. मी विचारलं, सामूची लेखमाला वाचली का? म्हणाले, ती नाही, ते 'हात धुवा आणि टीव्ही लावा.' दहा जणांत म्हणाले. मी काय करणार होतो, रस्त्यात बॅकअप समजावून सांगू?

२७ डिसेंबर, शनिवार

गंमत आहे. कट्ट्यावर माझ्या नावाचं एक उत्तर सापडलं, ते मी कधी लिहिलं तेच आठवत नाही. मंगळवारचं आहे. 'लिंबाला पानं भरपूर आणि फूल नाही, म्हणजे तुम्ही त्याचे लाड केलेत. खत बंद करा, पाणी कमी करा. थोडी अडचण आल्याशिवाय फळ कुणी देत नाही. घरात बघा ना.'

गडबडीत मीच लिहिलं असणार. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत खरडतो कधीकधी. दोनदा वाचलं. लिहितो बरं का आपण! उगाच इतकी वर्षं लांबलचक लेखांच्या मागे लागलो, आपली खरी धाटणी ही होती.

२८ डिसेंबर, रविवार

वानखेड्यांचं खातं सोडवलं. मिरची परत शकूच्या नावावर. कुंडलिक फोनवर ओरडत होता, "आली गं आली, तुझी मिरची आली!" मागून ती काहीतरी बोलली आणि हा हसत सुटला. बायकोचं नाव परत आलं म्हणून एवढा आनंद! अजब माणूस आहे. मी फोन ठेवला आणि उगाचच चिडचिड झाली. मृणाल म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, ॲसिडिटी.

२ जानेवारी, शुक्रवार

बाकीची जोडपी संपत आली. ऋताचा मेसेज, 'घरचं झालं का काका?' लिहिलं, करतो.

खरोखरच करणार होतो. लॅपटॉप उघडला तर पालकरबाईंचा मेसेज: 'दादा, तुमची उत्तरं मी वहीत उतरवून ठेवते.' सामूबद्दल असं कुणी म्हटलं असतं तर मी ह्या फंदात कशाला पडलो असतो? इतकी वर्षं साइटचा खर्च मी करतो, हॅकर आले की मी निस्तरतो, आणि ताई कोण तर ती. मिळू दे की चार दिवस. तिला काय कमी आहे? तिला सहज येतं. ज्याला सहज येतं त्याला कौतुकाची गरज नसते.

६ जानेवारी, मंगळवार

फोनवर एकाने अडवलं. "सर, तुम्ही ताकाचं लिहिलं होतं कढीपत्त्याला, ते किती दिवसांनी घालायचं?" म्हटलं, पाच मिनिटांत सांगतो. मृणाल इस्त्री करत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, कढीपत्त्याला ताक किती दिवसांनी घालतात?"

"कट्ट्यावर लिहिलंयस ना तू? तिथेच बघ."

बघितलं. होतं तिथे, पंधरा दिवसांनी, पाणी घालून पातळ. माझ्या नावाखाली लिहिलंय म्हणून तिला वाटलं मीच लिहिलं. म्हणजे तिने पान पाहिलं, पण तिच्या काही लक्षात आलेलं नाही. साधी आहे बिचारी.

आजही एक न आठवणारं उत्तर सापडलं. कुणाच्या तुळशीवर गोकर्णाचा वेल चढलाय. खाली मी: 'वेलाला वाईट नका म्हणू. त्याला आधार लागतो, जो मिळेल त्यावर चढतो. त्याच्यासाठी वेगळी काठी लावा. स्वतःची काठी मिळाली की तो तुळशीला सोडतो.'

सुंदर! गोकर्णाबद्दल आपल्याला एवढं माहीत होतं?

९ जानेवारी, शुक्रवार

पराडकरांनी मेळाव्याचं निमंत्रण ग्रुपवर टाकलं. वर माझा फोटो, खाली 'कट्ट्याचा मानकरी : श्री. नंदकुमार कर्णिक, मुलुंड.' शाल, श्रीफळ आणि सोनचाफ्याचं रोप.

मला सांगा, मी नाही म्हणालो होतो की नाही? आता छापून झालं. आता नाही म्हटलं तर पराडकर तोंडघशी पडणार. सोहळा होऊन जाऊ दे, मग सोमवारी शांतपणे तिचं खातं सोडवतो, कुणाला कळणारही नाही.

मृणालने निमंत्रण पाहिलं. हातातलं काम ठेवलं, चष्मा लावला, नीट वाचलं.

"फोटो छान आलाय. शर्ट मी घेतलेला ना हा?"

"हो."

"बरं झालं," म्हणाली.

ऋताचा मेसेज आला होता, 'काका, अभिनंदन म्हणू का?' तो वाचून फोन चार्जिंगला लावला.

११ जानेवारी, रविवार

आजचं सगळं ओळीने लिहितो.

सकाळी चहा घेताना कट्टा उघडला. सगळ्यात वर माझं नाव. माझ्या नावाने लिहिलेलं. जसंच्या तसं उतरवतो:

'मंडळी, शाल खांद्यावर पडायच्या आधी एक सांगायचं राहिलंय. कट्ट्यावर माझ्या नावाखाली जी उत्तरं दिसतायत ती माझी नाहीत, ग्रिलवालीची आहेत. ग्रिलवाली म्हणजे माझी बायको, मृणालिनी. आमचा ईमेल एकच, त्यामुळे जोडताना तिचं सगळं माझ्या नावावर आलं. पहिल्या दिवशी ती मशीनची चूक होती, दुसऱ्या दिवसापासून माझी. बाकी सगळ्यांची नावं मी परत लावली, घरचं तेवढं ठेवलं, कारण कौतुक वाचायला बरं वाटत होतं. मी वर्षानुवर्षं लेख लिहितो आणि त्यांच्याखाली कुणी चकार शब्द लिहीत नाही, हेही जरा मनात घ्या. माणूस मी वाईट नाही. थोडं ऊन दाखवलं की सुधारतो.'

डोक्यात एकदम प्रकाश पडला. लिंबू. गोकर्ण. शकू तिच्या पासवर्डने आत जाऊन लिहायची आणि दिसायचं कुंडलिकच्या नावाने. मीच ते निस्तरलं होतं, मीच! आणि घरात तोच प्रकार चाललाय हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मी बसलो होतो स्वतःची पाठ थोपटत.

मृणाल समोर बसून पेपर वाचत होती.

"तू लिहिलंस हे?"

"काय?"

"काय ते माहितीये तुला."

"नाव कुणाचं आहे त्याच्यावर? तुझं ना? मग तू लिहिलंस. महिनाभर हाच नियम चाललाय ना घरात?"

"मी तुला सांगणार होतो."

"कधी? शाल घडी घालून कपाटात ठेवल्यावर?"

"चार लोकांत लाज काढलीस माझी."

"चार लोकांत तुझं कौतुक चाललंय. वाच तरी खाली."

वाचलं. 'किती मोठं मन!' 'असा नवरा मिळायला भाग्य लागतं.' 'इतकं प्रांजळ लिहिणं सोपं नाही, दादा, सलाम.' पालकरबाई रडल्या होत्या म्हणे. आणि सगळ्यात खाली कुणीतरी: 'लेखांना प्रतिक्रिया देत नव्हतो, चुकलं, आजपासून वाचतो.'

मी वही-बिही न बघता तिला तोंडावर सांगून टाकलं. "मला हेवा वाटतो तुझा. पहिल्यापासून. तू तीन ओळी लिहितेस आणि लोक जीव टाकतात. मी मरमर मरतो."

"माहितीये."

"माहितीये?"

"मी स्वतःचं नाव न लावता ग्रिलवाली का झाले असेन? मृणालिनी कर्णिक म्हणून लिहिलं असतं तर तू घरात जेवला असतास का? तुझ्यासाठी नाव सोडलं मी, नंदू. तू टोपणनाव पण घेतलंस."

पेपरची घडी घातली आणि आंघोळीला गेली. चहा गार झाला होता. तसाच प्यायलो.

१२ जानेवारी, सोमवार

पराडकरांचा फोन. सत्कार अर्थातच आता वहिनींचा, "पण तुमच्या मनाच्या मोठेपणासाठी तुमचाही करणार, नाही म्हणायचं नाही. मी स्वतः दोन शब्द बोलणार आहे." मी म्हटलं, आवाज तुटतोय.

एवढ्या वर्षांत माझ्या नावावर आलेलं सगळ्यात चांगलं लिखाण, तेही तिचंच. मी प्रांजळ ठरलो तोसुद्धा तिच्या हातून. राग येतो. नक्की कुणाचा ते कळत नाही. जे मला सुचायला हवं होतं ते तिला सुचलं, आणि त्यातही तिने माझी बाजू घेतली. ते 'हेही जरा मनात घ्या' मला कापून गेलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिने तिळाचा लाडू समोर ठेवला. "घे. गोड बोलायची सक्ती नाही."

लाडू खाल्ला आणि विचारलं, तुला वेगळा ईमेल काढून देऊ का? म्हणाली, आहे की, ऑफिसातली बाकीची कामं त्यावरच तर करते. तू कधी विचारलंस?

लिहून घेतला.

१६ जानेवारी, शुक्रवार

रजा टाकली आणि बसलो. आधी तिचं खातं सोडवलं, तिच्या ईमेलवर. मग बॅकअपवरून तिची जुनी उत्तरं तिच्याकडे लावली. पाच मिनिटं म्हणाली होती ऋता, तेवढीसुद्धा लागली नाहीत. नावही बदलून दिलं. तिला विचारलं होतं मी, काय लावू? म्हणाली, पूर्ण. आता तिथे 'मृणालिनी कर्णिक' दिसतं.

जोडणीनंतरची उत्तरं हाताने निवडली. कुठलं तिचं, कुठलं माझं. काही अवघड गेलं नाही. ज्याच्याखाली कुणी आभार मानलेत ते तिचं.

राहिलं ते रविवारचं कबुलीचं लिखाण.

तिला ऑफिसात फोन लावला. "ते कुणाच्या नावावर टाकू?"

"ते राहू दे तुझ्याकडे. लोकांना आवडलंय, कशाला परत घोळ. तुला उपयोगी पडेल."

तिथे माझी सटकली. हिचं मोठं मनही मीच वापरायचं? परवा पराडकर माइकवर माझा मोठेपणा सांगणार, मी खाली मान घालून शाल घेणार, आणि ही समोर बसून टाळ्या वाजवणार. जन्मभर ऐकायला नको, आणि ती ऐकवणारही नाही, तेच तर जास्त वाईट. चांगुलपणा म्हणून नाही केलं मी. सहन होईना म्हणून केलं. त्या लिखाणावरचा माझा सभासद क्रमांक काढला, तिचा टाकला, बटण दाबलं.

आता ते सगळ्यांना असं दिसतं: वर 'मृणालिनी कर्णिक', आणि खाली 'ग्रिलवाली म्हणजे माझी बायको, मृणालिनी.' शेंबड्या पोरालाही कळेल काय झालं ते.

१७ जानेवारी, शनिवार

कळलं. कट्ट्यावर हसून हसून लोळतायत सगळे. 'वहिनी, धन्य आहात!' आधीपेक्षा दुप्पट फुलं. रविवारी ज्यांनी मला सलाम ठोकले होते त्यांच्यातल्या दोघांनी ते येऊन खोडून टाकले. 'आजपासून वाचतो' म्हणणाराही परत फिरकला नाही.

पराडकरांचा आवाज एकदम कोरडा. "म्हणजे ते प्रांजळ लिहिलेलं पण...?"

"तिचंच."

"मग तुमचं त्यात काय?"

"सॉफ्टवेअर," म्हटलं.

ऋताचा मेसेज आला, 'आता अभिनंदन म्हणते.' हे कशाबद्दल ते विचारलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

पार्ल्याचा हॉल भरला होता. माझा सत्कार रद्द, ते बरंच झालं. मी मागच्या बाजूला, कुंडलिक आणि शकूच्या शेजारी. पराडकरांनी नाव पुकारलं, पूर्ण नाव, आणि मृणाल चालत गेली. मोरपंखी साडी. शाल घेतली, रोप घेतलं, म्हणाले दोन शब्द बोला. माइकपाशी गेली आणि म्हणाली, "मला भाषण येत नाही. घरात लांब बोलायचं खातं दुसऱ्याकडे आहे."

हॉल कोसळला. लोक वळून वळून मला बघत होते. दोन वाक्यं! मी सात भाग लिहिले, एकदासुद्धा कुणाला हसू आलं नाही. ती हसत उभी होती, आणि फार छान दिसत होती.

कुंडलिकने कोपर मारलं. "टाळ्या वाजवा की नंदूशेठ."

"वाजवतोय."

"जळतंय का?"

"जळतंय."

"मग जोरात वाजवा."

वाजवल्या.